ॲसिडात धुतलेला कार्बन

नव्या डॉक्टरने प्रयोगशाळेत आल्या आल्या पहिलं काम काय केलं असेल, तर खिडकीजवळची खुर्ची भिंतीकडे नेली आणि भिंतीकडची खिडकीजवळ आणली. दुसरं काम म्हणजे तांबड्या बांधणीचा आपला प्रबंध बाईंच्या टेबलावर, अगदी त्यांच्या जेवणाच्या डब्याला चिकटून ठेवला. "सवडीने वाचा," म्हणाला. तिसरं काम करायला तो अजून मोकळा झालेला नाही, असं बाई जेवणाच्या सुट्टीत पंपावरच्या माणसांना सांगत, आणि ती माणसं घास हातात धरून हसत.

बाई म्हणजे पाणीपुरवठा केंद्राच्या प्रयोगशाळेतल्या वरिष्ठ सहायक. बावीस वर्षं त्याच ओट्यापाशी उभ्या. एवढ्या वर्षांत चार मुख्य रसायनतज्ज्ञ आले आणि गेले. पहिला दुपारी झोपायचा, दुसरा सकाळीच झोपायचा, तिसऱ्याला पिपेट तोंडात धरण्याची भीती वाटायची आणि चौथ्याने तर जाता जाता तराजूच घरी नेला. चौघांचीही कामं बाईंनी निमूटपणे उरकली होती आणि चौघांनाही मनातून काडीचीही किंमत दिली नव्हती. हा पाचवा. वय तेहतीस, चष्मा पातळ, बोलणं जाड. त्याचं नाव बाईंनी ठेवलं प्रबंध. 'प्रबंध आला,' 'प्रबंधाला सर्दी झाली,' 'प्रबंध आज चिडलाय.' आठवड्याभरात सगळ्या केंद्रात त्याला दुसरं नाव उरलं नाही.

डॉक्टरला आणलं होतं ते वासासाठी. नदीच्या वरच्या अंगाला प्लायवूडचा कारखाना निघाला होता आणि त्याच्या गोंदातलं फिनॉल पाण्यात उतरत होतं. थोडंच, पण फिनॉलची गाठ क्लोरीनशी पडली की नळाला दवाखान्याच्या फरशीचा वास येतो. लोकांनी चहा ओतून दिले, मोर्चा आणला. मग केंद्राने दोन मोठ्या टाक्या बांधल्या, त्यांत सक्रिय कार्बन भरायचं ठरवलं, आणि कार्बन घ्यायचं ठरलं बाईंच्या दादाच्या भट्टीतून.

दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. वडील गेले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. शाळा सोडून त्याने भट्टी धरली आणि धाकटीला कॉलेजात घातलं. त्यावर तो कधी चकार शब्द बोलला नाही, त्यामुळे बाईंना ते कधी विसरता आलं नाही. करवंट्यांचा कोळसा करायचा, तो वाफेवर लालभडक तापवायचा, म्हणजे त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी लाखो भोकं पडतात. त्या भोकांत पाण्यातली घाण जाऊन बसते. दादाला यातलं रसायनशास्त्र येत नव्हतं. तो चिमूटभर कार्बन दाताखाली चावायचा, थुंकायचा आणि "जमलाय" किंवा "अजून दोन तास" म्हणायचा. बाईंनी कित्येकदा मोजून पाहिलं होतं. दादाचा दात चुकत नसे. केंद्राचं हे काम त्याच्या भट्टीला आजवर मिळालेलं सगळ्यांत मोठं काम होतं, आणि त्यावर त्याने भट्टीशेजारी दुसरी भट्टी बांधली होती.

पहिली पोती उतरली तेव्हा डॉक्टरने मूठभर कार्बन कागदावर घेतला, उजेडात धरला आणि मान हलवली.

"चांगला आहे, पण कच्चा आहे," तो म्हणाला. "नायट्रिक ॲसिडमध्ये तापवून धुऊन घेऊ. याची ताकद कितीतरी वाढेल. माझ्या प्रबंधात चौपट वाढली होती."

"तुमचं काम शिशावर होतं ना सर?" बाईंनी विचारलं. प्रबंध त्यांनी वाचला होता, पहिल्याच रात्री, अथपासून इतिपर्यंत. ते मात्र त्याला सांगितलं नव्हतं.

"हो. का?"

"शिसं वेगळं, फिनॉल वेगळं. ॲसिडने कार्बनच्या अंगाला..."

"बाई, तुमचं शिक्षण बी.एस्सी. ना?"

त्याने हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. अर्जातला एखादा रकाना भरायचा राहिलाय, अशा सुरात विचारलं होतं. त्यामुळे ते जास्तच झोंबलं.

"हो," बाई म्हणाल्या, आणि तोंड मिटलं.

जे सांगायचं राहिलं ते चार-सहा वाक्यांचं होतं. भट्टीतून निघालेल्या कार्बनच्या अंगाला पाण्याची फारशी ओढ नसते. फिनॉलही पाण्यात मनापासून रमत नाही, म्हणून ते त्या कोरड्या काळ्या अंगाला जाऊन चिकटतं. तोच कार्बन नायट्रिकमध्ये शिजवला की त्याच्या अंगावर ऑक्सिजनची पुटं चढतात, त्या पुटांना पाणी हवंहवंसं वाटतं, मग पाणीच भोकांच्या तोंडाशी गर्दी करून उभं राहतं आणि फिनॉल बाहेरच्या बाहेर पुढे निघून जातं. शिशाचं उलटं. ते विजेच्या दृष्टीने धन, ॲसिडात शिजलेलं अंग ऋण, त्यामुळे शिसं धावत येऊन बिलगतं. म्हणजे प्रबंध खोटा नव्हता. शिशासाठी तो सोन्यासारखा होता. फक्त या नदीत शिसं नव्हतं.

हे बाईंनी जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा जाऊन सांगितलं असतं तर पाच मिनिटांत काम भागलं असतं. तो हट्टी होता, पण त्याला आकडे वाचता येत नव्हते असं नाही. पण बाईंनी ठरवलं, की ज्याला आपली पदवी विचारायची हौस आहे त्याला त्याच्याच पदवीवरून घसरू द्यावं. सगळ्या केंद्रासमोर, चांगलं सपशेल. बावीस वर्षांत चार बैल सांभाळले, पाचव्याला तरी नांगरासकट खड्ड्यात जाताना बघू. दादाचा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. आला. पण ॲसिड डॉक्टरचं, हुकूम डॉक्टरचा, तेव्हा निस्तरायचंही डॉक्टरनेच, असा हिशेब करून त्यांनी तो विचार बाजूला सारला.

मागच्या अंगणात पिंपं मांडली गेली. नायट्रिकचा तपकिरी धूर निघाला की माणसं पदर-रुमाल तोंडाला लावून मागे सरत, आणि डॉक्टर मोठा गॉगल, लांब हातमोजे चढवून एकटाच पिंपापाशी उभा राही. "बघा, बेडूक समुद्रात उतरला," बाई पंपावाल्यांना म्हणाल्या. माणसं खूश झाली. धुरात दुसऱ्या कुणाला उभं करायचं नाही, असं त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, हे बाईंनाही ठाऊक होतं. पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

पहिलं पिंप धुऊन वाळलं त्या दिवशी डॉक्टर केंद्राच्या साहेबांकडे बैठकीला गेला होता. बाईंनी दार लोटलं. एका फ्लास्कमध्ये दादाचा कार्बन जसाच्या तसा, दुसऱ्यात ॲसिडमधून काढलेला, दोन्हींत फिनॉलचं सारखं पाणी. दोन तास हलवलं, गाळलं, रंग आणणारी औषधं घातली. फिनॉल उरलं असेल तेवढं पाणी लाल होतं. पहिल्या वेळी ॲसिडवाल्या फ्लास्कचा रंग इतका दाट आला की मोजताच येईना. त्यांनी तेच गाळलेलं पाणी दहा पट पातळ करून बघितलं, तरी दाट. पंचवीस पट केलं तेव्हा यंत्रावर आकडा नीट आला. दादाच्या कार्बनने जवळजवळ सगळं फिनॉल खाल्लं होतं. धुतलेल्याने निम्म्याहून जास्त सोडून दिलं होतं.

बाईंनी दोन्ही फ्लास्क बेसिनमध्ये ओतले, नळ सोडला आणि घरी जाऊन छान झोपल्या.

चार दिवसांनी टाक्या सुरू करण्याचा समारंभ झाला. साहेब आले, नगरसेवक आले, छायाचित्रकार आला. साहेब म्हणजे केंद्राचे कार्यकारी अभियंते. भानगड कसलीही असो, खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं ते आधी ठरवायचं आणि मग भानगड समजून घ्यायची, ही त्यांची पद्धत. केंद्रात नवा कार्बन तपासायच्या दोनच चाचण्या होत्या, आयोडीनची आणि निळ्या रंगाची, कारण पूर्वीपासून त्याच होत्या. आयोडीनने भोकं किती ते कळतं, भोकांच्या तोंडाशी कुणाची गर्दी आहे ते कळत नाही. आणि निळा रंग म्हणजे मिथिलीन ब्लू तर शिशाच्याच जातीचा, धन बाजूचा. धुतलेल्या कार्बनवर तो अधाशासारखा तुटून पडणार हे बाईंना ठाऊक होतं.

"बाई, तुम्हीच करून दाखवा," डॉक्टर म्हणाला. "तुमचा हात छान आहे."

बाईंनी करून दाखवलं. निळंशार पाणी, त्यात चमचाभर काळी पूड, मिनिटभर घुसळण, गाळणकागद, आणि खाली थेंब थेंब काचेसारखं स्वच्छ पाणी. नगरसेवकांनी टाळ्या वाजवल्या. दादा दाराशी उभा होता, इस्त्रीचा सदरा घालून, आणि त्याच्या तोंडावर बहिणीच्या हुशारीचं कौतुक मावत नव्हतं. बाईंनी अहवालात लिहिलं, 'शोषण उत्कृष्ट', आणि खाली सही केली. हसू येऊ नये म्हणून त्यांनी गाल आतून चावून धरला होता.

सहा दिवस नळाला वास आला नाही. सातव्या दिवशी आला, आणि असा आला की आधीचा बरा होता असं लोक म्हणाले. केंद्राच्या फाटकावर बादल्या आपटल्या गेल्या. बाई खिडकीतून बघत होत्या. आता साहेब डॉक्टरला बोलावणार, आता डॉक्टरचा प्रबंध काढला जाणार, आता कुणीतरी विचारणार की ॲसिड कुणाच्या डोक्यातून निघालं. दिवसभर त्या चहाही न घेता वाट बघत बसल्या.

साहेबांनी बोलावलं दादाला.

साहेबांचा तर्क अगदी सरळ होता. नमुन्याची आयोडीन चाचणी उत्तम. निळ्या रंगाची चाचणी उत्कृष्ट, खुद्द बाईंची सही, आणि बाई काही भावाच्या मालाला उगाच चांगलं म्हणणाऱ्यांतल्या नव्हेत. म्हणजे नमुना चांगला होता. आणि टाकीतला माल काम करत नाही. तेव्हा नमुन्याला एक पोतं दिलं आणि नंतर भलताच माल भरला. भट्टीवाल्याने फसवलं. डॉक्टर म्हणाला की मला हे पटत नाही, मला दोन आठवडे द्या, मी कारण शोधतो. साहेब म्हणाले, लोकांना आज कारण हवंय.

त्याच संध्याकाळी भट्ट्यांना सील लागलं. तापती भट्टी हळूहळू, चार-पाच दिवस घेऊन थंड करावी लागते. सील लावणाऱ्यांनी दोन्ही एकदम विझवल्या. बाई पोचल्या तेव्हा दादा अंगणात स्टूल टाकून बसला होता आणि आतून विटा तडकल्याचे आवाज येत होते, एक, मग थोड्या वेळाने दुसरा. वहिनी पाणी घेऊन आली, बाईंच्या हातात पेला दिला आणि आत गेली.

"मी काही मिसळलं नाही गं," दादा म्हणाला.

"मला माहीत आहे."

"तुला माहीत आहे म्हणून बरं." एवढं बोलून तो पुन्हा आवाज ऐकत बसला.

तिथेच सांगून टाकायचं होतं. बाईंनी पाणी पिऊन टाकलं आणि पेला खाली ठेवला. त्या घरी गेल्या, आणि बावीस वर्षांत कुणाबद्दल वाटला नव्हता इतका तिटकारा त्यांना स्वतःबद्दल वाटला. तरीही सकाळपर्यंत त्यांनी वाट काढलीच. साहेबांपुढे चाचणी करून दाखवायची, कार्बन निर्दोष ठरवायचा, ॲसिड दोषी ठरवायचं. दादा सुटेल, प्रबंध आपटेल. आपल्याला आधीपासून माहीत होतं हे सांगायची गरजच नाही. आजच सुचलं म्हणायचं.

आठवड्याने चौकशी बसली, त्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा तसेच दोन फ्लास्क भरून हलवायला लावले आणि अकरा वाजता प्रयोगशाळेतच सगळ्यांना बोलावलं. साहेब एका स्टुलावर, दादा दाराशी, त्याच इस्त्रीच्या सदऱ्यात. डॉक्टर ओट्याला टेकून उभा. आठवडाभर तो झोपला नसावा. चष्म्याआड डोळे लाल होते.

"हा भट्टीतून आलेला कार्बन," बाई म्हणाल्या. "हा ॲसिडमध्ये धुतलेला. दोन्हींना फिनॉलचं एकच पाणी दिलंय." त्यांनी गाळलेल्या पाण्यातून पिपेटने मोजून घेतलं, दोन बाटल्यांत पंचवीस पट पातळ केलं, औषधं घातली. पहिल्या बाटलीला जेमतेम गुलाबी झाक आली. दुसरी लाल झाली, स्वच्छ, मोजता येईल अशी लाल.

"म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे भट्टीचा माल चोख आहे. ॲसिडने तो बिघडला. निळ्या चाचणीत हे कळत नाही, कारण ॲसिडने निळ्याची ओढ वाढते आणि फिनॉलची कमी होते."

साहेबांची नजर नवं डोकं शोधत डॉक्टरकडे वळली. हाच तो क्षण. बाईंनीही वळून बघितलं, नीट, डोळे भरून बघण्यासाठी.

डॉक्टर त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो लाल बाटलीकडे बघत होता.

"बाई," तो हळूच म्हणाला, "पंचवीस पट कसं ठरवलंत?"

"अंदाजाने."

"अंदाजाने दहा पट करतो कुणीही. नाहीतर शंभर पट. पहिल्याच वेळी बरोबर रंग येत नाही." त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तुम्ही हे आधी केलंय. कधी?"

खोटं बोलता आलं असतं. काल रात्री केलं, म्हणता आलं असतं. पण प्रश्न इतका बरोबर होता, की या माणसाला आपण उगाच ठोंब्या समजत होतो हे बाईंना पहिल्यांदा नीट कळलं, आणि मग खोटं सुचेना.

"पहिलं पिंप वाळलं त्या दिवशी," त्या म्हणाल्या.

साहेबांची नजर दोघांमध्ये येरझारा घालू लागली, कारण आता डोकी दोन झाली होती.

डॉक्टरने टेबलावरचा चौकशीचा कागद ओढला आणि उभ्या उभ्या लिहायला लागला. लिहिताना मोठ्याने वाचत गेला, जणू आकडे उतरवून घेतोय. "भट्टीचा माल निर्दोष. ॲसिड प्रक्रियेचा निर्णय मुख्य रसायनतज्ज्ञाचा. फिनॉलवरची चाचणी त्याने प्रक्रियेआधी करायला हवी होती, ती केली नाही. दोषाचं कारण वरिष्ठ सहायकांनी चाचणी करून दाखवून दिलं." पुढे काही लिहिलं नाही. सही केली, कागद साहेबांच्या हातात दिला आणि बाईंना म्हणाला, "त्या दिवशी मी तुमचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. ते आठवलं मला."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. एक डोकं, तेही सही करून दिलेलं, म्हणून त्यांना फार बरं वाटलं. "मग तुम्ही आजपासून रजेवर," ते डॉक्टरला म्हणाले. दादाकडे वळून म्हणाले, "तुमचं नाव निघालं. सील काढायला सांगतो." आणि गेले. डॉक्टरने आपली पिशवी भरायला घेतली. बाईंच्या टेबलावरचा प्रबंध त्याने तिथेच राहू दिला, बहुधा विसरला.

बाई व्हरांड्यात आल्या. दादा जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता.

"दोन्ही भट्ट्या आतून गेल्यात," तो म्हणाला. ओरडला नाही. भट्टीवर बोलावं तसा बोलला. "विटा उतरवून नव्याने लावाव्या लागतील. वर्ष जाईल. तुला पहिल्या दिवशी माहीत होतं?"

"हो."

"मग मला तरी सांगायचंस."

"मला त्याला तोंडावर पडलेलं बघायचं होतं, दादा."

दादाने उघड्या दारातून आत पाहिलं. डॉक्टर बेसिनपाशी उभा राहून लाल झालेली बाटली धूत होता, ब्रश आत घालून, तळापर्यंत, उद्या कुणाला तरी ती वापरायची असेल म्हणून.

"मग," दादाने विचारलं, "बघितलंस?"

बाईंनी तोंड उघडलं. बावीस वर्षांत कुणाबद्दलही बोलायला त्यांना शब्द कमी पडले नव्हते. दादा एकटाच जिना उतरून गेला.